बिल्डिंगपुरती शेंगदाण्याची ॲलर्जी

आमच्या मुलीला दोन ॲलर्जी होत्या. एक खरी, अंड्याची. दुसरी बिल्डिंगसाठी, शेंगदाण्याची.

खरी आधी कळली. एका रविवारी सकाळी आईने उकडलेलं अंडं मऊ भातात कुस्करून नातीला दोन-तीन घास भरवले. मुलगी तेव्हा वर्षाचीही झाली नव्हती. तिने ते आवडीने खाल्लं आणि मग नाक चोळायला लागली. बघता बघता ओठ सुजले, पोटावर आणि पाठीवर गांधी उठल्या, आणि खाल्लेलं सगळं आईच्या साडीवर उलटून पडलं. बायकोने तिला उचललं, मी एक चप्पल घातली आणि दुसरी हातात घेतली, आणि आम्ही रिक्षाने डॉक्टरकडे पळालो. इंजेक्शन झालं, औषध झालं, संध्याकाळपर्यंत तिचं तोंड पुन्हा तिचं दिसायला लागलं. डॉक्टर म्हणाले, अंडं बंद.

दुसरी ॲलर्जी त्याच दिवशी डॉक्टरकडून परतताना लिफ्टमध्ये झाली. समोरच्या दारातल्या मासी भेटल्या. एकट्या राहणाऱ्या गुजराती बाई, वय सत्तरीकडे झुकलेलं, रोज दुपारभर मुलगी त्यांच्याच मांडीवर. त्यांनी तिची हनुवटी वर केली.

"हाय हाय, बेबीला काय झाला? तोंड तो बघ केवढा सुजला!"

आईने पापणीसुद्धा लवू दिली नाही. "शेंगदाणे. कूट गेलं पोटात."

"शिंगदाना? एवढ्या लहान छोकरीला शिंगदाना कोण देतो, बेन?"

"चुकून," आई म्हणाली, आणि सगळा दोष कुटावर ढकलून लिफ्टमधून बाहेर पडली.

याला कारण होतं. आम्ही भाडेकरू. लालबागच्या दोन खोल्या विकून भावाभावांत वाटणी झाल्यावर जे हाताशी आलं त्यात मुंबईत खिडकीही मिळाली नसती, म्हणून भाईंदरला, इंद्रलोकच्या पुढे, गोडदेवच्या अलीकडे ही जागा भाड्याने घेतली. एजंटने जागा दाखवायच्या आधी एकच प्रश्न विचारला होता, "व्हेज हो ना?" मी हो म्हणालो. नंतर ते ॲग्रीमेंटमध्येही छापून आलं, वीजबिलाच्या कलमाच्या खाली. आमचा शाकाहार त्या कागदापुरता शुद्ध होता. मासे आम्ही बहिणीकडे जाऊन खायचो आणि परत येताना मूठभर बडीशेप चघळायचो. अंडी मात्र घरात येत. गोडदेवच्या गल्लीतला दुकानदार आमचा पत्ता ओळखून आपणहून विचारायचा, "काली थैली?" ऑम्लेटला आमच्याकडे बंदी होती, कारण ऑम्लेट बोलतं. उकडलेलं अंडं गप्प बसतं. टरफलं मी ऑफिसच्या बॅगेत घेऊन जायचो आणि स्टेशनबाहेरच्या कचराकुंडीत टाकायचो. मार्केटिंगमधला एक जण एकदा माझ्या बॅगेत पेन शोधायला हात घालून बसला. त्याने मला काही विचारलं नाही आणि पुन्हा कधी पेनही मागितलं नाही.

गंमत अशी की अंड्याची ॲलर्जी असलेल्या मुलीसाठी अख्ख्या भाईंदरमध्ये सगळ्यात सुरक्षित जागा मासींचं स्वयंपाकघर होतं. त्या उंबऱ्याच्या आत जन्मात अंडं आलं नव्हतं. धोका होता तो आमच्या घरी. पण मासी बिचाऱ्या त्या दिवसापासून मुलगी येणार म्हटलं की चिवड्याचा डबा वरच्या फळीवर ठेवायच्या आणि हात साबणाने धुवायच्या. आमचं खोटं त्या फार प्रामाणिकपणे पाळत होत्या.

मग गोवराच्या लसीचा दुसरा डोस आला.

क्लिनिकमध्ये मोठे डॉक्टर नव्हते. त्यांच्या असिस्टंट बाई होत्या, नव्याच लागलेल्या. त्यांनी फाइलवर "अंडं" वाचलं आणि सुई परत ठेवली. "आपण सरांना विचारू. सर परिषदेला गेलेत." पुढच्या खेपेला सर परिषदेहून आले होते, पण त्यांचा सत्कार होता. त्या क्लिनिकच्या भिंतीवर सरांचे इतके फोटो होते की प्रत्येकात एक शाल धरली तरी अख्ख्या वॉर्डाला थंडी वाजली नसती. सर वाकून नारळ घेताना, सर ताठ उभं राहून नारळ देताना. सर कुणाला तपासतायत असा फोटो मात्र मला सापडला नाही. तिसऱ्या खेपेला असिस्टंट बाई म्हणाल्या, "सर म्हणाले, मोठ्या हॉस्पिटलमध्ये ऑब्झर्वेशनखाली द्या. सेफ साइड." आम्ही विचारलं, कुठल्या? त्या म्हणाल्या, ते सरांना विचारून सांगते.

आईला एवढं पुरेसं होतं. "डॉक्टरचाच हात कापतोय आणि तुम्ही पोरीला पुढे करताय. एक डोस झालाय ना? पुष्कळ झाला."

"आई, गोवर निघालाय आपल्याकडे," बायको म्हणाली.

निघालाच होता. तिच्या ऑफिसातल्या एकीचा भाचा, पेणकरपाड्याचा, गोवराने हॉस्पिटलात होता आणि नंतर त्याच्या छातीत कफ भरला होता. बायको रोज संध्याकाळी घरी येऊन त्या मुलाची बातमी द्यायची. आधी चप्पल काढायची, हात धुवायची, मग मुलीला न उचलता दारातूनच सांगायची. कपडे बदलल्याशिवाय ती मुलीला हात लावायची नाही. मुलगी हात पसरून रडायची. त्या रडण्यात आमच्या तिघांची भांडणं व्हायची.

मी वाचणारा माणूस. वाचणाऱ्या माणसाला घाबरायला जास्त जागा असते. काही लसी कोंबडीच्या पेशींवर वाढवतात, हे मी वाचलं आणि जेवण सोडून उठलो. तरीही अंड्याची ॲलर्जी असलेल्या मुलांना गोवराची लस देतात, हेही वाचलं आणि परत जेवायला बसलो. मग कुणीतरी लिहिलं होतं की त्यांच्या ओळखीत एका मुलाला काहीतरी झालं होतं. फोनवर सगळे एकाच टाइपात बोलतात. शहाणा आणि वेडा सारख्याच टापटिपीने छापलेला. मी ऑफिसात बसून, रिक्षात बसून, संडासात बसून तेच तेच वाचत होतो. डोस दिला आणि तिचे ओठ परत सुजले तर? नाही दिला आणि अंगावर पुरळ उठलं तर? मी दोन्ही चित्रं आलटून पालटून बघायचो आणि दोन्हीत रिक्षा मिळत नसायची.

मासींना आमचे चेहरे दिसत होते. एका सुट्टीच्या दुपारी आमच्याकडे येऊन त्यांनी आईला खोदून खोदून विचारलं आणि आईने अर्धंच सांगितलं. लस द्यायची आहे, पण ॲलर्जीमुळे भीती वाटते. बस, मासींनी लगेच फोन काढला. त्यांचा भाचा बडोद्याला मुलांचा डॉक्टर. फोन स्पीकरवर.

"दीकरा, शिंगदानाची ॲलर्जी असेल तर गोवरची सुई देतात का?"

"हां मासी, बिनधास्त. शिंगदाना आणि व्हॅक्सिनचा काय संबंध?"

मासींनी विजयी चेहऱ्याने आमच्याकडे पाहिलं. "बघा! संबंधच नाही. उगाच घाबरता."

आम्ही तिघांनी मान डोलावली. आमच्या चुकीच्या प्रश्नाला इतकं बरोबर उत्तर आलं होतं की त्याचं काय करावं कळेना. बायकोने मला स्वयंपाकघरात ओढलं. "आता तरी सांगू या त्यांना. खरं विचारून घेतील."

"आणि मालकाला कळलं म्हणजे?"

"मालक सुरतेला आहे."

"सेक्रेटरी खाली आहे."

एवढं म्हणून मी जिंकल्यासारखा बाहेर आलो.

त्याच आठवड्यात गेटवर बॅनर लागला. गोवर-रुबेला लसीकरण शिबिर, आपल्या सोसायटीच्या हॉलमध्ये. बॅनरवर भावी नगरसेवक हात जोडून उभे होते. त्यांच्या वर त्यांचे मार्गदर्शक, त्यांच्या वर मार्गदर्शकांचे मार्गदर्शक, खाली दोन्ही बाजूंना शुभेच्छुक पोस्टाच्या तिकिटांसारखे. बाळ कोपऱ्यात होतं, आणि ते बाळही परदेशी होतं, निळ्या डोळ्यांचं. लस देणार होती महापालिका. पण महापालिकेचा फोटो नसतो.

मी बायकोला म्हणालो, "डॉक्टर येणार आहेत. हळूच बाजूला घेऊन विचारू. विचारायला काय जातंय?"

रविवारी आम्ही चौघं खाली उतरलो, मासी धरून पाच. हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या, दारात झेंडूची माळ आणि लाल रिबीन. महापालिकेच्या डॉक्टर बाई आणि त्यांच्याबरोबरची नर्स टेबलामागे बसून होत्या. लसीचा बर्फाचा डबा बंद. पोरं रडत होती, पोरांकडे बघून दुसरी पोरं रडत होती.

"चालू क्यूं नहीं करते?" एका बापाने विचारलं.

"साहेब येतायत," सेक्रेटरी म्हणाले. "पहिली लस साहेबांच्या हस्ते."

"हस्ते म्हणजे? सुई साहेब टोचणार?" डॉक्टर बाईंनी मान वर न करता विचारलं.

सेक्रेटरी हसले, पण त्यांनाही नक्की माहीत नव्हतं असं दिसलं.

मी दोनदा टेबलाजवळ गेलो आणि दोनदा परत आलो. एकदा मागे आमच्या विंगचे चेअरमन उभे होते. दुसऱ्यांदा चेअरमनांच्या मिसेस. हॉलमध्ये हळूच बोलण्यासारखी एकही जागा नव्हती. आई पुटपुटत होती, "वर चला. नुसतं बघून झालं, आता वर चला." मुलगी मात्र खुशीत होती. तिला गर्दी आवडते, हा गुण माझ्याकडून आलेला नाही.

बॅनरवरचे साहेब आले. रिबीन कापली. कात्री बोथट होती, म्हणून ती शेवटी दोन कार्यकर्त्यांनी ओढून तोडली आणि टाळ्या साहेबांना मिळाल्या. मग फोटोसाठी बाळ पाहिजे होतं. फोटोग्राफरने हॉलभर नजर टाकली. बाकी सगळी रडतायत, आणि एकच गुटगुटीत मुलगी अनोळखी लोकांना बघून हसतेय.

"ये बेबी! ये चलेगी!"

सेक्रेटरींनी आम्हाला जवळजवळ ढकलतच पुढे नेलं. मुलगी बायकोच्या मांडीवर, साहेबांचा हात मुलीच्या डोक्यावर, नर्सने उजव्या दंडावरची बाही वर केलेली. सगळं इतक्या भराभर झालं की मला वाटलं, आता असंच होऊन जाणार, आणि क्षणभर बरंही वाटलं. ठरवायला नको.

डॉक्टर बाईंनी विचारलं, "हिला काही ॲलर्जी? आधी कधी त्रास?"

मी तोंड उघडायच्या आत मासी मागून ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "शिंगदाना! पण माझ्या भाचाला विचारलाय, काही नाही होत."

"बरं," डॉक्टर बाई म्हणाल्या आणि नर्सकडे पाहिलं.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिने मुलीचा दंड हाताने झाकून घेतला होता.

"शेंगदाणे नाही," मी म्हणालो. "अंडं. अंड्याची आहे. ओठ सुजले होते, अंगभर गांधी, उलटी."

हॉलमध्ये पोरं रडतच होती, मोठी माणसं मात्र थांबली.

"अंडा?" सेक्रेटरी म्हणाले. "अंडा किधर खाया?"

"घर में," बायको म्हणाली. "हमने दिया."

"मी भरवलं," आई म्हणाली, आणि पदर खोचला. भांडायच्या आधी ती पदर खोचते.

सगळ्यात चपळाई साहेबांनी दाखवली. मुलीच्या डोक्यावरचा हात त्यांनी असा उचलला की जणू तीच फुटणार आहे. बाजूच्या माणसाने त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. साहेब म्हणाले, "फोटोला दुसरं बाळ घ्या." दुसरं बाळ आलं, ते किंचाळत होतं, तरी त्याच्या आईने त्याला धरून ठेवलं. त्या टोचण्याचा फोटो निघाला. त्यात साहेब हसतायत.

डॉक्टर बाईंना यातलं काही दिसत नसावं. त्या उठून आमच्याजवळ आल्या आणि एकामागून एक प्रश्न विचारायला लागल्या. श्वास लागला होता का? नाही. बेशुद्ध? नाही. नऊ महिन्यांचा डोस झालाय? झालाय. त्या वेळी काही? काही नाही, थोडा ताप.

"मग अडलंय कुठे?"

"लस कोंबडीच्या..." मी सुरुवात केली.

"वाचलंय तुम्ही," त्या म्हणाल्या, कौतुकाने नव्हे. "अंड्याची ॲलर्जी असली तरी ही लस देतात. नेहमीसारखीच, पूर्ण डोस. लसीचीच जबरदस्त रिॲक्शन आली असती तर गोष्ट वेगळी. हिने पहिला डोस पचवलाय. टोचल्यावर अर्धा तास इथे माझ्यासमोर बसा. काही झालंच तर त्याचं इंजेक्शन माझ्या पेटीत आहे. सगळ्यांच्याच पोरांसाठी असतं, तुमच्यासाठी खास आणलेलं नाही."

म्हणजे मी चारचौघांत अंडं फोडलं ते अगदीच अनावश्यक होतं. बडोद्याच्या भाच्याने चुकीच्या प्रश्नाला दिलेलं उत्तर बरोबरच निघालं.

"नको गं," आई बायकोला म्हणाली. आता तिचा आवाज भांडणाचा नव्हता. "माझ्या हाताने झालं होतं तेव्हा. मी पाहिलंय ते तोंड. नको."

बायकोने मला विचारलं नाही. तिने दंडावरचा हात काढला.

मुलगी एकदाच रडली, मोठ्याने, आणि मग नर्सच्या बांगडीकडे बघायला लागली. आम्ही भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसलो. मी तिच्यासमोर गुडघ्यावर बसून तिचे ओठ बघत होतो. ओठ एरवी केवढे असतात हे आपल्याला माहीत नसतं. तिने ते चाटले, मला ते मोठे वाटले. तिने नाक चोळलं, मी तिचा हात बाजूला करून पुन्हा ओठ पाहिले. बायकोने फ्रॉक वर करून पोट पाहिलं, मग पाठ, मग पुन्हा पोट. मानेवर एक लाल ठिपका सापडला. मी डॉक्टर बाईंना बोलावलं. "डास," त्या म्हणाल्या आणि पुढच्या मुलाकडे गेल्या. मी त्या ठिपक्यावरून नजर काढली नाही. डास खोटं बोलत नसतात, पण मला पुरावा हवा होता.

मासी एक खुर्ची सोडून बसल्या होत्या. रोज त्या मुलीला ओढून घेतात. आज हात मांडीवर.

"मासी," बायको म्हणाली, "आम्हाला सांगायला हवं होतं."

"तुम्ही काय खाता ते तुमचं," मासी म्हणाल्या. "मला काय मालूम नव्हतं? काली थैली कोणाच्या डब्यात, कचरेवाली मला सगळा सांगते." मग माझ्याकडे वळल्या. "पण माझ्याकडून खोटा विचारायला लावलं नी? भाचाला मी खोटा विचारला. आणि उलटा झाला असता तर? शिंगदानाला चालते, अंडाला नाही चालत, असा असता तर? मी इथे सगळ्यांच्या समोर बोलली, देऊन टाका म्हणून. मग माझ्या माथ्यावर."

मला वाटलं होतं त्या अंड्यावर चिडतील. त्यासाठी मी मनात दोन-तीन चांगली वाक्यंही तयार ठेवली होती, माणसाच्या खाण्याच्या स्वातंत्र्याबद्दल वगैरे. ती कुठेच लागू पडत नव्हती.

मासींनी फोन काढला. या वेळी स्पीकर नाही. गुजरातीत बोलल्या, तोंडावर हात धरून, तरी "ईंडा" हा शब्द आम्हाला आणि बहुधा चेअरमनांच्या मिसेसना ऐकू गेला. भाचा बराच वेळ बोलत होता. मासी "हं, हं" करत मुलीच्या तोंडाकडे बघत होत्या.

"तो म्हणतो, चालते," त्या फोन ठेवत म्हणाल्या. "म्हणतो, श्वास बघा. ओठ बघा." आणि मधली रिकामी खुर्ची ओलांडून जवळ येऊन बसल्या, आणि त्याही बघायला लागल्या.

आता चार जण तिच्याकडे टक लावून बघत होतो. मुलीला वाटलं हा काहीतरी खेळ आहे. तिने चौघांना आळीपाळीने जीभ दाखवली. चौघांनीही ती नीट तपासली.

माझ्या खिशात फोन वाजला. सुरतेचे मालक. हॉलच्या दुसऱ्या टोकाला सेक्रेटरी नुकतेच कानावरचा फोन खाली घेऊन उभे होते आणि माझ्याकडे न बघण्याचा फार प्रयत्न करत होते. वर्षभर या फोनला मी घाबरत होतो. टरफलं, काळी थैली, बडीशेप, सगळं या एका फोनसाठी. मी तो हातात धरला, आणि तेवढ्यात मुलगी खोकली. एकदाच. सुका, छोटा खोकला. मी फोन तसाच वाजत खुर्चीवर टाकला आणि तिच्या छातीला कान लावला. आत सगळं नेहमीसारखं धावत होतं. किंवा मला तसं वाटलं. माझ्याच कानात इतकं ठोकत होतं की नक्की कुणाचं काय कळेना.

"पाणी द्या तिला," डॉक्टर बाई लांबूनच म्हणाल्या. "रडून घसा सुकलाय."

पाणी प्यायल्यावर ती बायकोच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. साहेब केव्हाच गेले होते. नर्सने बर्फाचा डबा बंद केला. डॉक्टर बाईंनी येऊन मुलीचा दंड पाहिला, पोट पाहिलं, झोपेतच ओठ बोटाने खाली ओढून आत पाहिलं.

"झाला अर्धा तास. मघाशीच झाला. जा घरी. आठवड्या-दीड आठवड्याने ताप येईल कदाचित, बारीक पुरळही उठेल. ते लसीचं असतं. तेव्हा अंड्याला शिव्या देऊ नका."

आई उठली. मासी उठल्या. बायको माझ्याकडे बघत थांबली.

"अजून थोडा वेळ बसलं तर चालेल?" मी विचारलं.

"मी निघतेय," डॉक्टर बाई म्हणाल्या. "पण बसा की. हॉल तुमचाच आहे."

सेक्रेटरींनी ते ऐकलं. त्यांनी दाराकडून खुर्च्या उचलायला सुरुवात केली, एकात एक घालत, मोठा आवाज करत, एक एक रांग संपवत आमच्या दिशेने आले. आमच्यापाशी येऊन उभे राहिले. मुलगी बायकोच्या खांद्यावर तोंड उघडं टाकून झोपली होती आणि मी तिचे श्वास ऐकत होतो. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग आमच्या खुर्च्या तेवढ्या सोडून पलीकडच्या रांगेला लागले.